रोपण केलेला दात आणि त्याभोवतीची हिरडी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले आरोग्यविषयक भाषण)



आम्ही दोघे दंतवैद्य आहोत. दात कसे घासावेत, गोड किती खावे, हे आपण पुष्कळ वेळा ऐकले आहे. म्हणून आज आम्ही थोडा वेगळा विषय घेतला आहे. दात पडल्यावर जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर पक्का दात लावतात. त्याला आपण सगळे इम्प्लांट म्हणतो. या इम्प्लांटच्या भोवतीची हिरडी, हा आजचा विषय.

कोणी म्हणेल, इम्प्लांट हा पैसेवाल्यांचा विषय, तो इथे कशाला? पण आता तसे राहिलेले नाही. तालुक्याच्या गावीसुद्धा दवाखान्याच्या पाटीवर हा शब्द दिसतो. मुलगा नोकरीला लागला की आईचे दात बसवून देतो. निवृत्तीचे पैसे हातात आले की माणूस वीस वर्षे टाळलेले काम करून घेतो. एकेका दाताला हजारो रुपये लागतात आणि तो पैसा कष्टाचा असतो. तो वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

प्रथम आमचीच एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त कंडक्टर काका आमच्याकडे आले. खालच्या जबड्यातल्या उजव्या बाजूच्या दोन दाढा त्यांनी तरुणपणीच काढल्या होत्या. इतकी वर्षे ते डाव्या बाजूने चावत होते. आम्ही क्ष-किरण फोटो काढला, हाड मोजले, दोन इम्प्लांट बसवले. तीन महिन्यांनी त्यावर दाढा लावल्या. काकांनी घरी जाऊन भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले. आम्हीही समाधानी होतो.

दोन वर्षांनी काका परत आले. म्हणाले, “डॉक्टर, तिथे ब्रश लावला की झोंबतं. म्हणून मी ती बाजू घासायचीच सोडली.” आरशाने पाहिले तर दाढांच्या बाहेरच्या बाजूला टणक गुलाबी हिरडी जवळजवळ नव्हतीच. गालाच्या आतली पातळ, लाल, सैल कातडी थेट दाढेला येऊन भिडली होती. गाल ओढला की ती कातडीही ओढली जाई. कडेला पांढरा थर साचला होता आणि बोथट सळई हलकेच फिरवताच रक्त आले. स्क्रू हाडात घट्ट होता. हाडाचे काम आम्ही नीट केले होते. पण ज्या दिवशी हाड मोजले, त्या दिवशी हिरडी मोजली नव्हती. ती मोजायला दोन मिनिटे लागली असती.

हिरडीचे एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

इम्प्लांटचा शोध एका अडचणीतून लागला. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रानेमार्क हे संशोधक सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची छोटी नळकांडी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले, तर निघेनात. हाड त्या धातूला धरून बसले होते. पुढे १९६५ साली त्यांनी गोस्ता लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली वारले, तोपर्यंत त्या स्क्रूंनी चाळीस वर्षांहून अधिक काळ काम दिले. म्हणजे टायटॅनियम आणि हाड यांचे जमते, हे सिद्ध झालेले आहे. पण तोंडात हाड उघडे नसते. त्यावर हिरडी असते आणि स्क्रूवरचा दात तिला भेदून वर येतो. जंतूंना आत शिरायचे असेल तर त्यांना वाट तिथेच मिळते.

जुन्या घरातला लाकडी खांब आठवा. खांब मजबूत असला तरी त्याच्या बुडाशी जमीन भेगाळली आणि पाणी मुरू लागले, तर घराला धोका असतो. इम्प्लांटचेही तसेच आहे.

नैसर्गिक दाताला ही जागा राखण्याची व्यवस्था जन्मतःच असते. दाताच्या मुळावर एक पातळ खडबडीत थर असतो. हिरडीतले तंतू त्या थरात आडवे शिरून घट्ट रुतलेले असतात. शिवाय दात आणि हाड यांच्यामध्ये एक बारीक पडदा असतो आणि त्यातल्या रक्तवाहिन्या हिरडीला रक्त पुरवतात. टायटॅनियमवर तो थर नाही. त्यामुळे हिरडीचे तंतू त्याच्यात रुतत नाहीत, त्याला समांतर किंवा कड्यासारखे त्याच्या भोवती राहतात. मधला पडदाही नसल्यामुळे तिकडून येणारे रक्तही नाही. थोडक्यात, खऱ्या दाताची हिरडी शिवलेल्या बाहीसारखी असते आणि इम्प्लांटची हिरडी घट्ट बसलेल्या बांगडीसारखी. बांगडी सैल झाली की तिच्या आत घाण जाणारच.

ही घाण म्हणजे जंतूंचा चिकट थर. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही रुग्णांना तीन आठवडे दात साफ न करण्यास सांगितले गेले. तेवढ्या काळात खऱ्या दातांभोवती जशी हिरडी सुजली, तशीच ती इम्प्लांटभोवतीही सुजली. सूज एवढ्यावरच असेल, तर स्वच्छता केल्यावर ती उतरते. दुर्लक्ष चालू राहिले तर ती खाली हाडापर्यंत जाते, हाड झिजते, पू येतो. सहसा दुखत नाही, म्हणून माणूस बेसावध राहतो. एकदा गेलेले हाड पूर्वीसारखे परत आणणे फार कठीण असते. काकांच्या बाबतीत सूज हाडापर्यंत गेली नव्हती, हे आमचे आणि त्यांचे नशीब.

आता चांगली हिरडी कशी ओळखावी? आम्ही दोन गोष्टी पाहतो.

पहिली गोष्ट रुंदी. दाताच्या कडेपासून खाली टणक, फिकट गुलाबी, हाडाला चिकटलेली पट्टी असते. तिच्या खाली लालसर, सैल कातडी सुरू होते. ओठ किंवा गाल ओढला असता जी हलते ती सैल, जी हलत नाही ती टणक. टणक पट्टी निदान दोन मिलिमीटर असावी, असे साधारणपणे मानले जाते. या बाबतीत तज्ज्ञांत पूर्ण एकमत नाही, हेही आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. काहींचे म्हणणे असे की, रुग्ण उत्तम स्वच्छता ठेवत असेल, तर अरुंद पट्टीवरही भागते. ते खरे आहे. पण काकांसारख्या माणसाला अरुंद पट्टीमुळेच ब्रश झोंबतो, झोंबतो म्हणून तो घासत नाही, आणि घासत नाही म्हणून हिरडी सुजते. हे चक्र आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट जाडी. हाडाच्या वर साधारण तीन मिलिमीटर उंचीची हिरडी शरीराला लागते. तेवढ्या उंचीत ती जंतूंना अडवणारा बांध उभा करते. मुळात हिरडी पातळ असेल, तर शरीर हाडाला थोडे खाली सरकवते आणि बांधासाठी जागा करून घेते. म्हणजे जंतूंनी काही केले नसतानाही वरचे हाड थोडे झिजते. समोरच्या दातांत पातळ हिरडीतून धातूची करडी झाक दिसते, ती वेगळीच.

ज्यांचे दात पडून बरीच वर्षे झाली आहेत, त्यांच्यात हा प्रश्न अधिक येतो. दात गेला की हाड हळूहळू बसते, त्याबरोबर टणक हिरडीही आकसते आणि गालाची कातडी वर चढते. खालच्या दाढांच्या जागी हे विशेष दिसते.

मग ही हिरडी वाढवता येते का? येते. आणि आजच्या भाषणातली आनंदाची बातमी हीच आहे.

कोकणातला शेतकरी आंब्याचे कलम करतो. रायवळ रोपावर हापूसची काडी बांधतो आणि झाड हापूसचे फळ देते. हिरडीचेही कलम होते, आणि त्याची काडी प्रत्येकाच्या तोंडातच आहे. जिभेने टाळूला स्पर्श करून पाहा. वरच्या दाढांच्या आतल्या बाजूची ती कातडी टणक आणि जाड आहे. तिथला लहानसा तुकडा घेऊन इम्प्लांटच्या शेजारी लावला, तर तिथेही तो टणकच राहतो.

विद्यार्थी मित्रांसाठी येथे एक गमतीची गोष्ट सांगतो. कातडी टणक व्हावी की सैल, हे कोण ठरवते? वरचा थर की खालचा? १९७५ साली कॅरिंग, लांग आणि लो या संशोधकांनी माकडांवर प्रयोग केला. हिरडीच्या आतला तंतुमय थर त्यांनी सैल कातडीखाली पुरला. पुढे तो उघडा करून त्यावर नवी कातडी येऊ दिली. सैल कातडीच्या जागी टणक हिरडीसारखी कातडी आली. म्हणजे हुकूम खालच्या थराचा आणि अंमल वरच्याचा. आजच्या कलमांचा पाया या निष्कर्षात आहे.

कलमाचे मुख्य प्रकार दोन. रुंदी हवी असेल तर टाळूवरचा तुकडा वरच्या कातडीसकट घेतात. जाडी हवी असेल तर टाळूच्या आतला फक्त तंतुमय थर काढून तो हिरडीच्या खाली सरकवतात. दुसऱ्या प्रकारात टाळूची वरची कातडी जागेवर परत शिवता येते, म्हणून त्रास कमी होतो.

काकांना पहिल्या प्रकाराची गरज होती. आधी आम्ही दाढांभोवतीची सगळी घाण साफ केली आणि सूज उतरू दिली, कारण सुजलेल्या जागी कलम धरत नाही. मग जागा बधिर करून सैल कातडी अलगद खाली सरकवली. हाडावरचे पातळ आवरण मात्र तसेच ठेवले. कलमाची जमीन तीच. टाळूवरून दीड मिलिमीटरच्या आत जाडीचा तुकडा घेतला. टाळूच्या मागच्या भागातून एक मोठी रक्तवाहिनी येते, तिच्यापासून दूर राहावे लागते. पुढे तुकडा आकसतो, म्हणून गरजेपेक्षा साधारण एक तृतीयांश मोठा घेतला. बारीक टाक्यांनी तो जराही हलणार नाही असा बसवला आणि ओल्या गॉजने काही मिनिटे दाबून धरला. खाली रक्त साचले तर कलम मरते, म्हणून हे दाबणे महत्त्वाचे. टाळूच्या जखमेवर प्लॅस्टिकची पातळ पट्टी बसवली.

त्यानंतर शरीर आपले काम करते. पहिले दोन-तीन दिवस तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालून पाझरणाऱ्या द्रवावर तो जगतो. मग खालच्या केशवाहिन्या त्यात शिरतात. आठवडाभरात रक्त खेळू लागते. मधल्या काळात वरचा पापुद्रा पांढरा पडून निघतो. काका पाचव्या दिवशी घाबरून आले, “डॉक्टर, कुजलं की काय?” आम्ही त्यांना बसवून समजावले की, पापुद्रा जातो, खालचा जिवंत असतो. दोन आठवड्यांनी टाके काढले. टाळू तीन आठवड्यांत भरून आला. दोन-तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा दाढांच्या बाहेर टणक गुलाबी पट्टी होती. आजूबाजूच्या हिरडीपेक्षा ती थोडी फिकट, ठिगळासारखी दिसते, पण गालाच्या आत कोण पाहणार? काकांनी ब्रश लावला. झोंबले नाही. आमच्या दृष्टीने तेच खरे यश. कलम लावले म्हणजे काम संपले असे नाही. कलमामुळे घासणे शक्य झाले, एवढेच. पुढचे काम काकांचे.

टाळूवरून तुकडा न घेता गुरा-डुकरांच्या कोलॅजनपासून तयार केलेला पडदाही वापरतात. त्याने एक जखम वाचते, पण तो महाग असतो आणि रुंदी मिळवण्यात स्वतःच्या टाळूची बरोबरी सहसा करीत नाही. तो कशाचा बनलेला आहे, हे रुग्णाला आधी सांगितले पाहिजे, असे आम्ही मानतो. रुग्णाच्या रक्तापासून तयार केलेली जेलीसारखी पातळ चकतीही टाळूच्या जखमेवर ठेवतात. त्याने जखम लवकर भरायला मदत होते.

हे काम कधी करावे? इम्प्लांट बसवण्यापूर्वी करता येते, इम्प्लांटवरचा दात लावण्यापूर्वी करता येते, आणि काकांप्रमाणे नंतरही करता येते. पण जितके आधी तितके बरे. खांब रोवण्यापूर्वी जमीन तयार करावी, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आम्हांला मात्र ते काकांनी शिकवले. तेव्हापासून आमच्याकडे हिरडी मोजल्याशिवाय इम्प्लांटची तारीख दिली जात नाही.

प्रत्येकाला कलमाची गरज असते, असेही नाही. ज्याची हिरडी मुळात रुंद आणि जाड आहे, त्याला ती करू नये. आणि प्रत्येकाला इम्प्लांटची गरज असते, असेही नाही. चांगली बनवलेली काढघालीची कवळी किंवा शेजारच्या दातांवर बसवलेला पूल यांनीही अनेकांचे आयुष्य सुखात जाते. कोणी लाजू नये आणि कोणी कर्ज काढू नये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हिरड्यांच्या रोगांचे स्वतंत्र विभाग आहेत. मोठा खर्च करण्यापूर्वी तिथे दाखवून सल्ला घ्यायला हरकत नाही.

आता थोडे कडू बोलतो. राग मानू नये. आपल्या भगिनींमध्ये मिश्री लावण्याची आणि बंधूंमध्ये तंबाखू मळण्याची सवय अजून गेलेली नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण पुड्या मिळतातच. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. ज्या कलमाचे सगळे जीवन त्या बारीक वाहिन्यांवर अवलंबून आहे, त्याचे काय होणार? तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो, हे आपण जाणताच. ज्याला तंबाखू सोडायची नाही, त्याला आम्ही हात जोडून सांगतो की, आधी ती सोडा, इम्प्लांट नंतर पाहू.

साखरेचा आजार असणाऱ्यांनी गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घ्यावी. साखर ताब्यात असेल तर घाबरण्याचे कारण नाही. ताब्यात नसेल तर जखम भरत नाही. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती दंतवैद्याला सांगावी. ती आपल्या मनाने बंद करू नये.

ज्यांनी इम्प्लांट बसवले आहे किंवा बसवणार आहेत, त्यांनी पुढील गोष्टी घरी गेल्यावर वहीत लिहून ठेवाव्यात.

एक, काम ठरवण्यापूर्वी दंतवैद्याला विचारावे, “माझी हिरडी किती रुंद आणि किती जाड आहे?” हा प्रश्न विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

दोन, दिवसातून दोनदा मऊ ब्रशने हिरडीच्या कडेसह घासावे आणि दोन दातांमधली जागा बारीक ब्रशने रोज साफ करावी. दुकानात हे ब्रश वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. आपल्याला कोणता लागेल, ते दंतवैद्याकडून ठरवून घ्यावे.

तीन, रक्त आले तर घासणे थांबवू नये. रक्त ही सूचना आहे. आठवडाभर नीट घासूनही थांबले नाही, तर दाखवावे.

चार, दुखत नसले तरी सुरुवातीला दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करावी आणि सांगितल्यावर क्ष-किरण फोटो काढावा.

पाच, इम्प्लांटचे कागद जपून ठेवावेत. कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा स्क्रू आहे, ते त्यावर असते. पुढे दुसऱ्या गावी दाखवायची वेळ आली, तर तो कागद उपयोगी पडतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या वैद्यकीय किंवा दंतवैद्यकीय शिक्षण घ्याल. तिथे तुम्हांला यंत्रे दिसतील, झगमगीत दवाखाने दिसतील. त्यांचा द्वेष करू नका आणि त्यांना भुलूही नका. आमच्याकडे यंत्र होते, फोटो होता, शिक्षण होते. तरी आम्ही ओठ बाजूला करून दोन मिनिटे पाहिले नाही आणि एका कष्टकरी माणसाला दुसऱ्यांदा खुर्चीत बसावे लागले. त्यांनी आम्हांला एकही कडू शब्द सुनावला नाही. त्या दुसऱ्या कामाचे पैसे आम्ही घेतले नाहीत, पण तेवढ्याने चूक पुसली जात नाही. ती पुढच्या रुग्णाच्या वेळी न केल्यानेच पुसली जाते.

काका आता दर सहा महिन्यांनी येतात. आल्या आल्या गाल स्वतःच बाजूला ओढतात आणि म्हणतात, “बघा, हलते का?” हलत नाही. आपणही आज घरी गेल्यावर आरशासमोर उभे राहून आपला ओठ असाच बाजूला ओढून पाहावा, एवढी विनंती करून आम्ही आमचे बोलणे संपवतो.